महाबळेश्वरला एका दिवसात पडतो तेवढा पाऊस माणला वर्षभरात का पडत नाही? एकाच सातारा जिल्ह्यातल्या दोन हवामानांची गोष्ट

२३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. माण तालुक्यातल्या दहिवडीत सरासरी वर्षात, म्हणजे जूनच्या मृगापासून पुढच्या मे महिन्यातल्या वळवापर्यंत सगळं धरून, साडेचारशे ते पाचशे मिमी पाऊस होतो. दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातली. सरळ रेषेत मोजलं तर मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आत.

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि पावसाच्या बाबतीत ते जणू वेगवेगळ्या राज्यांतले वाटावेत असे आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिमी. तिथून १९ किलोमीटर रस्ता उतरून पाचगणीला आलं की दोन हजारांच्या आसपास. पसरणीचा घाट उतरून वाईत यावं तर सातशे-आठशे. पुढे पूर्वेला खटाव, माण, फलटण इथे पाचशेच्या घरात. महाबळेश्वर, जावळीत भात लावायला चिखल करतात त्याच आठवड्यात म्हसवडकडचा शेतकरी बाजरीचं बी घरात ठेवून आभाळाकडे बघत असतो.

हा फरक माहीत असणं आता जास्त गरजेचं झालंय. मोबाईलवर ‘सातारा जिल्ह्यात मुसळधार’ असा संदेश येतो, कोणीतरी तो गावाच्या ग्रुपवर टाकतो, आणि त्या भरवशावर पेरणी होते. पाऊस येतोही, पण कोयनेला. माणमध्ये बी जमिनीतच वाळतं आणि दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो. अंदाज खोटा नसतो. तो आपल्या गावासाठी नसतो, एवढंच.

आधी वारा, मग पाऊस

कुठल्याही भागाचं हवामान ठरवणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: सूर्य किती डोक्यावर येतो, समुद्र किती लांब आहे, गाव किती उंचावर आहे, वारा कुठून वाहतो आणि त्याच्या वाटेत काय आडवं येतं. साताऱ्यात सूर्य सगळ्या तालुक्यांना सारखाच आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. मग ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा. तेव्हा खरा फरक करतात ते वारा आणि डोंगर.

उन्हाळ्यात भारताची जमीन तापते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, हवेचा दाब कमी होतो. समुद्र मात्र इतका तापत नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघालेले वारे या कमी दाबाकडे ओढले जातात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळतात आणि अरबी समुद्रावरून नैऋत्येकडून, कोकणात तर जवळजवळ सरळ पश्चिमेकडून, किनाऱ्याला येऊन भिडतात. हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेली ही हवा पाण्याने लादलेली असते. केरळात मॉन्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख १ जून आणि मुंबईत ११ जून. पण ‘सर्वसाधारण’ म्हणजे नेमाने नव्हे. २०२५ मध्ये केरळात तो २४ मेलाच आला आणि दोन दिवसांत मुंबईत पोचला.

आता ही हवा समुद्र सोडून कोकणात शिरते. कोकणची पट्टी अरुंद. साठेक किलोमीटर गेलं की समोर सह्याद्री उभा. तो अक्षरशः उभाच आहे: पोलादपूरकडून पाहिलं तर भिंत, आणि वाईकडून पाहिलं तर हळूहळू उतरत गेलेल्या डोंगरसोंडा. या एका गोष्टीवर अर्ध्या महाराष्ट्राचं नशीब ठरलंय असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

डोंगर चढताना हवेचं काय होतं

वाऱ्याला भिंतीतून जाता येत नाही, म्हणून तो वर चढतो. वर दाब कमी असतो, त्यामुळे हवा फुगते, आणि फुगलेली हवा थंड होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा एकदम सोडली की व्हॉल्व्हजवळ हाताला गार लागते, तसंच. कोरडी हवा एक किलोमीटर वर गेली की साधारण १० अंशांनी थंड होते. थंड हवेत पाण्याची वाफ कमी मावते. जास्तीची वाफ बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडते, म्हणजे ढग होतो. वाफेचं पाणी होताना थोडी उष्णता सुटते, त्यामुळे ढगातली हवा पुढे जरा सावकाश थंड होते आणि अजून वर ढकलली जाते. कोकणातली दमट हवा आधीच वाफेने भरत आलेली असते. तिला थोडं चढवलं तरी पुरतं. इथे तर तिला हजार-तेराशे मीटर चढावं लागतं.

म्हणून सगळ्यात जास्त पाऊस किनाऱ्यावर पडत नाही, तो घाटमाथ्यावर पडतो. महाबळेश्वरला एकट्या जुलैत दोन हजार मिमीच्या आसपास पाऊस होतो. पाटण तालुक्यात कोयना धरणाच्या पाणलोटातलं नवजा हे गाव महाबळेश्वरशी स्पर्धा करतं. पावसाळ्यात रोजच्या बातमीत ‘कोयना, नवजा, महाबळेश्वर’ ही तीन नावं ओळीने येतात, ती यामुळेच.

या पावसाचा स्वभावही वेगळा. गडगडाट कमी, विजा कमी, थांबणं नाही. वारा वाहतोय तोवर पाऊस पडतोय. महाबळेश्वरात जुनी घरं पावसाळ्याआधी गवताच्या झडपांनी झाकून घेत, कारण पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त मारतो. अरबी समुद्रात किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला किंवा बंगालच्या उपसागरात एखादं कमी दाबाचं क्षेत्र बसलं की पश्चिमेचा वारा आणखी जोराने ओढला जातो. तेव्हा घाटमाथ्यावर काय होतं ते जुलै २०२१ ने दाखवलं. त्याच दिवसांत पाटणमधल्या आंबेघर आणि मिरगावला डोंगर खाली आला. पलीकडे महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. कारण एकच. चार महिन्यांत मिळून सोसणारं पाणी डोंगरउतारावरच्या मातीला दोन दिवसांत सोसावं लागलं.

ढग पळतात, पाऊस पडत नाही

माथा ओलांडला की हीच हवा पूर्वेकडे उतरू लागते. उतरताना उलटं घडतं. दाब वाढतो, हवा आक्रसते आणि तापते. तापलेल्या हवेत वाफ पुन्हा मावते, म्हणजे ढग विरतो. शिवाय बरंच पाणी ती मागे घाटमाथ्यावर टाकून आलेली असते. पाचगणी-वाईच्या रस्त्यावर जुलैमध्ये गाडीने उतरताना हे डोळ्यांनी दिसतं: वर धुकं आणि वायपर, मधे भुरभुर, खाली वाईत रस्ता कोरडा.

या पट्ट्याला भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. झाडाची सावली असते तशी ही डोंगराची सावली, फक्त उन्हाऐवजी पावसाची. ती साताऱ्यापुरती नाही. नंदुरबार-धुळ्याचा काही भाग, सिन्नर, संगमनेर, पारनेर, शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, फलटण, माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत अशी सह्याद्रीला समांतर लांबच लांब पट्टी आहे. महाराष्ट्राचा नेहमीचा दुष्काळी नकाशा बराचसा याच पट्टीवर बसतो.

माण-खटावमधल्या माणसाला पुस्तकाची गरज नाही. जून-जुलैत आभाळ भरलेलं असतं, ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे पळत असतात, वारं इतकं की उभं पीक लोळावं, आणि पाऊस मात्र चार थेंब. ‘नुसतं वारं सुटलंय’ हे वाक्य तिथे दर आषाढात ऐकू येतं. हे वारं म्हणजेच पावसाळी वारं. पाणी वर टाकून रिकाम्या हाताने आलेलं.

याच वाऱ्यावर चाळकेवाडी, वनकुसवडे या पठारांवर आणि पूर्वेच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर एक समजूतही उभी राहिली: पवनचक्क्यांनी ढग पळवले, म्हणून पाऊस कमी झाला. पारावर आजही हा विषय निघाला की आवाज चढतात. पण हिशेब जुळत नाही. १९७२ च्या दुष्काळात, जेव्हा माण-खटावची माणसं खडी फोडायला गेली, तेव्हा इथल्या डोंगरावर एकही पवनचक्की नव्हती. पवनचक्कीचं पातं जमिनीपासून शे-दीडशे मीटरपर्यंत फिरतं. पाऊस देणारे ढग त्याच्या कितीतरी वर, काही किलोमीटर जाडीचे असतात. ढग पळवायचं काम सह्याद्री आणि वारा आधीपासून करत आलेत. पवनचक्कीवाल्यांशी जमिनीच्या मोबदल्यावरून भांडण असेल तर ते जरूर करावं, त्याला पावसाचं कारण जोडायची गरज नाही.

झाडांबद्दलही थोडं सांगायला हवं. ‘झाडं लावा, पाऊस येईल’ हे भिंतीवर लिहायला बरं आहे. एका गावाने डोंगर हिरवा केला म्हणून जुलैचं पश्चिमेचं वारं त्या गावावर थांबत नाही. झाडांनी आणि बांधबंदिस्तीने होतं ते वेगळं, आणि ते कमी मोलाचं नाही: पडलेलं पाणी गावात राहतं. कोरेगाव तालुक्यातलं वेळू आणि माणमधलं टाकेवाडी या गावांनी पाणलोटाची कामं करून वॉटर कप जिंकला तेव्हा त्यांच्याकडे पाऊस वाढला नव्हता, पाऊस अडवला गेला होता.

माणचा पाऊस पूर्वेकडून येतो

मग माणला जे साडेचारशे-पाचशे मिमी मिळतं ते कुठून? त्यातला मोठा भाग परतीचा. महाबळेश्वरचा भराचा महिना जुलै, दहिवडी-म्हसवडचा सप्टेंबर. हे लक्षात घेतलं की पूर्व भागातलं शेतीचं सगळं वेळापत्रक उलगडतं. खरिपापेक्षा रब्बीची ज्वारी हेच तिथलं भरवशाचं पीक का, आणि म्हातारी माणसं मृगापेक्षा उत्तरा आणि हस्ताकडे का डोळे लावून बसतात, याचं उत्तर यात आहे. हत्तीचा पाऊस झाला तर विहिरीला पाणी, नाहीतर टँकर.

सप्टेंबर येता येता पश्चिमेचं वारं थकतं. आभाळ मधूनमधून उघडं पडतं, ऊन जमिनीला तापवतं. ओली जमीन आणि कडक ऊन यांनी दुपारपर्यंत हवा खदखदू लागते आणि वर उसळते. त्याच सुमारास बंगालच्या उपसागराकडून पूर्वेचं दमट वारं आत येऊ लागतं. पूर्वेकडून येणाऱ्या या वाऱ्याला सह्याद्री आडवा येत नाही. माण त्याच्या अलीकडेच आहे. मग दुपारी तीन-चारनंतर काळेकुट्ट ढग उभे राहतात, विजा कडाडतात आणि तासाभरात पन्नास मिमी पाऊस पडून जातो. शेजारच्या शिवारात मात्र धूळ. बैलाच्या एका शिंगावर पाऊस आणि दुसरं कोरडं, असं म्हणतात ते याच पावसाबद्दल.

कधीकधी उपसागरातलं अख्खं वादळच इकडे येतं. १३ ऑक्टोबर २०२० ला आंध्रात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेली कमी दाबाची तीव्र प्रणाली तेलंगण ओलांडून दुसऱ्या दिवशी सोलापूर, पंढरपूरवर पोचली आणि एका दिवसात नद्या-ओढ्यांना पूर आला. मे २०२५ च्या अखेरीस बारामती, इंदापूर, फलटण, माण या कायम तहानलेल्या तालुक्यांत पावसाने शेतं आणि बंधारे भरून वाहिले, तेही मृग लागायच्या आधी. दुष्काळी भागात पूर येत नाही, हा समज त्यामुळे धोक्याचा आहे. जिथे सरासरी कमी, तिथे एका वर्षाचा दुसऱ्या वर्षाशी मेळ नसतो. महाबळेश्वरला वाईट वर्षातही भातापुरता पाऊस पडतोच. माणमध्ये एखादं वर्ष दोनशे-तीनशेवर अडकतं आणि एखादं आठशेला पोचतं. सरासरी पाचशे म्हणजे दरवर्षी पाचशे नव्हे.

विजांचं आणखी एक. घाटमाथ्याचा पाऊस माणसाला भिजवतो, पूर्वेचा पाऊस जीव घेऊ शकतो. एप्रिल-मेचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, दोन्ही विजांचे. शेतात असताना एकट्या झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट. मेंढरं घेऊन माळावर असलेल्या धनगर कुटुंबांना आडोसा मिळणं अवघड, हे खरं. तरी उंचवटा आणि झाड सोडून सखल जागी, पाय जुळवून उकिडवं बसणं हाच त्यातल्या त्यात मार्ग. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आपल्या जागेभोवती वीज पडण्याची शक्यता असेल तर सूचना देतं. ते मराठीत आहे आणि फुकट आहे.

उंचावर गार, पण पहाटे नेहमीच नाही

उंचीचा परिणाम दिवसा सरळ असतो. दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरतं. म्हणून मे महिन्यात साताऱ्यात अंगाची लाही होत असताना महाबळेश्वरात पंख्याशिवाय भागतं. इंग्रजांनी तिथे बंगले बांधले ते याच हिशेबाने, आणि हिवाळ्यात तिथे स्ट्रॉबेरी पिकते तीही त्याच्याच जोरावर.

थंडीच्या रात्री मात्र गणित फिरतं. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जमीन दिवसभराची ऊब आकाशात सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत खोलगट भागात साचते. यामुळे महाबळेश्वर गावठाणातलं पहाटेचं तापमान अनेकदा पुण्याहून जास्त असतं, आणि त्याच वेळी खाली वेण्णा तलावाच्या खळग्यात गवतावरचं दव गोठतं. गाड्यांच्या टपांवर पांढरा थर बसल्याचे फोटो दर हिवाळ्यात फिरतात ते तिथलेच. ‘महाबळेश्वर गोठलं’ अशी बातमी करायला ते बरे. नाशिक जिल्ह्यात निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली जातो त्यालाही सखल जमीन, कोरडी हवा आणि उत्तरेकडून मोकळं येणारं वारं अशी कारणं आहेत. निफाड काही डोंगरावर नाही. द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात किंवा पाणी सोडतात, ते या साचलेल्या गार हवेला हलवण्यासाठी आणि ऊब देण्यासाठी.

ज्याचं रान ओढ्याकाठच्या खोलगटात आहे, त्याच्या हरभऱ्याला किंवा भाजीला थंडीचा फटका माळावरच्या शेजाऱ्याआधी बसतो. एकाच गावात हे होतं.

समुद्र लांब गेला की

पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. त्यामुळे रत्नागिरी-मालवणला मे आणि जानेवारी यांत फार फरक नाही, घाम मात्र बारमाही. आत सरकत जावं तसा उन्हाळा कडक आणि हिवाळाही कडक. जळगावला पारा ४५ च्या वर जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीला ४७ पर्यंत.

विदर्भ समुद्रापासून इतका लांब, तरी गडचिरोलीत माणच्या दुपटीहून जास्त पाऊस. कारण तिथला पाऊस पश्चिमेच्या वाऱ्यावर अवलंबून नाही. बंगालच्या उपसागरात पावसाळाभर एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात आणि ओडिशा-छत्तीसगडवरून आत येतात. त्यांच्या वाटेवर पूर्व विदर्भ आधी लागतो. पश्चिमेला सरकत ती अशक्त होतात, आणि मराठवाड्याच्या वाट्याला दोन्हीकडचं उरलंसुरलं येतं. अरबी समुद्राचं पाणी सह्याद्रीने घेतलेलं, उपसागराचं वाटेत संपलेलं.

पॅसिफिकचं पाणी तापलं तर माणला काय?

बातम्यांत एल निनो येतो तो दक्षिण अमेरिकेजवळच्या प्रशांत महासागरातला. तिथलं मध्य-पूर्वेचं पाणी नेहमीपेक्षा गरम झालं की वाऱ्यांची मोठी चक्रं सरकतात आणि भारतातला मॉन्सून बहुधा ढिला पडतो. २००९, २०१५ आणि २०२३ ही अशी वर्षं. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पण १९९७ मध्ये जबरदस्त एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा गरम असेल तर तो मॉन्सूनला हात देतो. २०१९ मध्ये तसं झालं, आणि त्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं. म्हणून नुसतं ‘यंदा एल निनो आहे’ ऐकून बियाणं-खत न घेणं आणि ‘नाही’ ऐकून उधारीवर घेणं, दोन्ही सारखेच घाईचे.

पाणी पडतं एकीकडे, जातं भलतीकडे

डोंगराने केलेला हा अन्याय माणसाने थोडाफार भरून काढायचा प्रयत्न केला आहे, आणि काही ठिकाणी वाढवलाही आहे. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६७.५ टीएमसी वीज करण्यासाठी पश्चिमेला, म्हणजे जिथे आधीच तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो त्या कोकणाकडे सोडलं जातं आणि पुढे समुद्राला मिळतं. त्या विजेवर राज्याचे कारखाने उभे राहिले, हेही तितकंच खरं. दुसरीकडे उरमोडी आणि जिहे-कटापूर योजनांचं पाणी पंपाने उचलून माण-खटावला नेलं जातं. वारा जे पाणी माथ्यावर टाकून आला, ते वीज जाळून त्याच दिशेने पुढे न्यायचं, असा हा उद्योग आहे. पूर्वी माणसंच पाण्याकडे जात. फलटण-माणकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणात उतरत आणि पावसाच्या तोंडाला परत येत, कारण मेंढराला कोकणचा पाऊस सोसत नाही आणि माणचा उन्हाळा पोसत नाही. काही वाडे अजूनही जातात.

फोनवरचा अंदाज आपल्या गावाला लावायचा कसा

भारतीय हवामान विभागाचा इशारा आला की पहिल्यांदा बघायचं: तो ‘सातारा’ म्हणतो की ‘सातारा घाट’. पावसाळ्यात विभाग पुणे, सातारा, कोल्हापूर यांच्या घाट भागासाठी वेगळा इशारा देतो. घाटाला रेड अलर्ट आणि उरलेल्या जिल्ह्याला यलो किंवा काहीच नाही, असं नेहमी होतं. ग्रुपवर पुढे ढकलताना नेमका ‘घाट’ हा शब्द गळतो.

दुसरं, शब्द तोलून वाचायचे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या चारपैकी फार तर एका केंद्रावर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे चारपैकी तीनहून जास्त. माण-खटावच्या शेतकऱ्याने ‘तुरळक’ वाचून पेरणीचं ठरवू नये.

तिसरं, जिल्ह्याच्या सरासरीवर विश्वास नको. एका तालुक्यात २०० मिमी आणि दुसऱ्यात ४ मिमी पडला तर सरासरी १०२ येते आणि तसा पाऊस कुठेच झालेला नसतो. महसूल मंडळांच्या ठिकाणी ‘महावेध’ प्रकल्पातून स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. आपल्या मंडळाचा आकडा बघावा. त्याला आणखीही महत्त्व आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनामे, मदत यांचा हिशेब तिथून सुरू होतो. पूर्वेच्या ढगफोडी पावसात मंडळाच्या केंद्रावर २० मिमी आणि चार किलोमीटरवरच्या शिवारात ८० मिमी असं सहज होऊ शकतं. अशा वेळी नुकसान झालेल्याने तारीख दिसेल असे फोटो काढून तलाठी आणि कृषी सहायकाकडे लगेच लेखी कळवणं एवढंच हातात राहतं.

पेरणीसाठी कृषी विभाग दरवर्षी सांगतो: ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नका. हा पाऊस आपल्या रानात मोजायचा. पर्जन्यमापक विकत घ्यायलाच हवा असं नाही. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवावा, घर आणि झाडापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. रोज सकाळी पट्टी बुडवून पाणी किती उंच आहे ते बघावं. जितके मिलिमीटर उंच, तितका पाऊस. डब्याचं तोंड लहान की मोठं याने फरक पडत नाही. बाजू मात्र निमुळत्या नकोत, म्हणून बादली चालत नाही. एक मिमी पाऊस म्हणजे एका एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी, २५ मिमी म्हणजे लाखभर लिटर. हवामान विभाग सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा दिवस धरतो. घरचा आकडा मंडळाच्या आकड्याशी ताडायचा असेल तर डबा त्याच वेळेला मोजून रिकामा करावा, आणि आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवावा.